नोटिशीचं दुसरं पान

२ फेब्रुवारी

पहिला बाक,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. खोडलेलं दिसत असेल तर दिसू दे.

आज कोर्टाच्या दुसऱ्या मजल्यावर मला पाहिल्याबरोबर तू फायली छातीशी धरून भिंतीवरच्या आग विझवण्याच्या सूचना वाचायला लागलीस. इतकं मन लावून तर तू परीक्षेच्या आदल्या दिवशीही वाचत नव्हतीस. मी बाजूने जाताना मुद्दाम खोकलो. आमच्या खटल्यात खोकला हा पुरावा आहे, निदान तेवढ्यासाठी तरी मान वळवायचीस!

तुझे साहेब बूट वाजवत पुढे आणि त्यांच्यामागे तू. आत्या पुढे आणि तिच्यामागे मी. दोघंही ओझीच वाहतोय, फक्त तुझ्या ओझ्याला पगार बरा आहे.

लॉ कॉलेजात तू पहिल्या बाकावर बसायचीस आणि मी शेवटच्या, दाराजवळच्या. 'तुला दार जवळ लागतं,' असं तू म्हणायचीस. मग त्या दिवशी पेपर चालू असताना सर म्हणाले की धूर म्हणजे प्रगतीचा श्वास, आणि मी अर्धा पेपर टाकून उठलो. तू मागे वळून दातओठ खात म्हणालीस, "बस खाली, काडेपेटी." मी बसलो नाही. नंतर जिन्यात मी तुला जे सांगायचं ते सांगून टाकलं, तर तू म्हणालीस, "आधी एखादी गोष्ट पूर्ण करून दाखव." मी म्हटलं, प्रेम हा काय गृहपाठ आहे? तू हसली नाहीस. त्यानंतर आज दिसलीस, तीही समोरच्या पक्षात.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. कॉलेज सोडल्यावर तिनेच मला कामाला ठेवलं. घरी आत्या, ऑफिसात मॅडम. ऑफिसात चुकून आत्या म्हटलं तर तिला ऐकूच येत नाही. एकदा फायलींच्या कपाटात बोट चेमटलं आणि मी "आत्याऽ" म्हणून बोंबललो, तर आतून आवाज आला, "कोण हवंय आपल्याला?"

तीही पंधरा वर्षं तुझ्यासारखी काचेच्या इमारतीत होती. स्पर्धा कायदा. कंपन्यांनी आपसात संगनमत करून भाव ठरवले असा आरोप आला की ही त्यांच्या बाजूने उभी राहायची आणि बहुतेक वेळा जिंकायची. मग एक दिवस ती खुर्ची सोडून तिने टायरच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या आणि उलट्या बाजूचे खटले घ्यायला सुरुवात केली. धूर, सांडपाणी, मेलेले मासे. ज्यांना एकट्याने लढणं झेपत नाही अशा माणसांचे एकत्र दावे. का सोडलंस विचारलं तर म्हणते, "लिफ्टचा कंटाळा आला."

खटल्याबद्दल बाहेर एक शब्द बोलायचा नाही, अशी तिची ताकीद आहे. म्हणून जे वर्तमानपत्रात आलंय तेवढंच लिहितो. नाल्यापलीकडच्या वस्तीवर तीन रंगकारखान्यांची पिवळी भुकटी पडते. लाँड्रीवाल्या काकूंचे पांढरे शर्ट वाळेपर्यंत पिवळे होतात. पहिले दावेदार शिट्टीवाले आजोबा. उमेदीत फुटबॉलचे पंच होते. "आता शिट्टी वाजत नाही," म्हणतात, "मीच वाजतो." हे बोलतानाही त्यांच्या छातीतून आवाज येत असतो.

तिथे पूर्वी चौथाही कारखाना होता, आता बंद पडलाय. तो आत्याचा जुना अशील. म्हणून तिला वकील मंडळाची परवानगी घ्यावी लागली आणि ती एकाच अटीवर मिळाली: त्या अशिलाकडून जे कळलं ते या खटल्यात वापरायचं नाही, बोलायचं नाही, सुचवायचंही नाही. या परवानगीची प्रत तुमच्याकडे आहेच, तेव्हा यात गुपित काही नाही.

हिरवा स्वेटर तुला शोभत नाही. हे खोटं आहे.

उत्तर लिहू नकोस. म्हणजे लिही.

काडेपेटी

२० फेब्रुवारी

पहिला बाक,

काल कँटीनमध्ये मी जे बोललो ते विसर. आणि विसरू नकोस. दोन्ही कसं जमवायचं ते तू बघ, हुशार तू आहेस.

परवा संध्याकाळी मी आजोबांकडून थेट आत्याकडे गेलो होतो. आजोबांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लावलीय. नळीसकट मला विचारतात, "स्कोअर काय?" मी काय सांगणार? तुमचे तिन्ही अशील म्हणतात की धूर गाळणारी यंत्रं तेव्हा परवडत नव्हती, प्रत्येकाने स्वतंत्र विचार करून ती बसवली नाहीत. भुकटी आम्ही दाखवू शकतो, फुप्फुसं दाखवू शकतो. या 'स्वतंत्र विचारा'ला हात लावता येत नाही. आणि आत्याने त्यावर काय उत्तर लिहिलंय, तर 'दावेदारांना हे म्हणणे मान्य नाही.' बस्स!

ती काकडी चिरत होती. मी म्हटलं, "तू अजून त्यांचीच वकील आहेस. इमारत सोडलीस, काच अंगातून गेली नाही तुझ्या."

सुरी थांबली. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तुला वाटतं मला माहीत नाही? चौघे मालक एका टेबलाशी बसले होते. यंत्रं कुणीच बसवायची नाहीत असं ठरलं. एकाने बसवलं की बाकीच्यांना बसवावं लागेल, म्हणून कुणीच नाही. चौथ्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय मला. आणि मी ते गिळून बसलेय, कळलं?"

मग तिने तोंडावर हात ठेवला. काकडीचा ओला हात. "हे तू ऐकलं नाहीस," म्हणाली. तिने दोनदा सांगितलं आणि मी दोनदा हो म्हटलं.

आमच्या घराण्यात जीभ कुणालाच आवरत नाही. तिने इतकी वर्षं आवरली, मला एक रात्रही जमलं नाही.

काल तू एकटीच सूप पीत बसली होतीस. मी फक्त 'कशी आहेस' विचारायला आलो होतो, शपथ. तूच म्हणालीस, "तुझा राग कळतो रे मला, पण कागद सांगतात की प्रत्येक कंपनीने आपापला निर्णय घेतला." 'आपापला' म्हणालीस आणि माझं डोकं गेलं. मी ते सगळं बोलून टाकलं. टेबलही, चौघेही, चौथा कुणाशी बोलला तेही.

तू चमचा खाली ठेवलास. चेहरा असा झाला की मला क्षणभर वाटलं, पटलं हिला! मग म्हणालीस, "थांब. पुढे एक शब्द नको." आणि सूप तसंच टाकून गेलीस.

आता तुला खरं काय ते माहीत आहे. मग त्या माणसांच्या फायली कशा उचलशील? सोड ती नोकरी. आमच्याकडे टायरचा वास येतो, पगार वेळेवर होत नाही, पण खिडकी उघडते.

आत्याला मी काही सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं झालंय तरी काय? दोन ओळखीची माणसं कँटीनमध्ये बोलली.

उत्तर लिही ना.

का.

२७ फेब्रुवारी

माननीय वकीलसाहेबा,

तुमच्या साहेबांची नोटीस आज सकाळी पोचली. कागद फार सुंदर आहे. 'आपल्या कार्यालयातील एका व्यक्तीने आपल्या पूर्वीच्या अशिलाची गोपनीय माहिती आमच्या कनिष्ठ सहकारी यांच्यासमोर उघड केली असून परवानगीच्या अटीचा भंग झाला आहे, सबब आपण या दाव्यातून दूर व्हावे.' एवढं वाचलं आणि मला पुढे वाचवेना. नोटीस टेबलावर आपटली.

'कनिष्ठ सहकारी'! अभिनंदन. फार दिवस कनिष्ठ राहणार नाही तुम्ही. उद्या स्वतःची खोली मिळेल, परवा खिडकी, आणि त्या खिडकीतून पिवळा धूर फार छान दिसेल. मी प्रेमाखातर बोललो... नाही, रागाने बोललो, पण बोललो तुमच्यापाशी. तुमच्या जागी भिंत असती तर तिलाही जरा लाज वाटली असती.

आत्याने नोटीस वाचून चष्मा काढला. "कँटीनमध्ये कोण होतं?"

"मी."

"आणखी?"

"ती."

ती चष्मा पुसत राहिली. मी म्हटलं, "आत्या." ऑफिसात म्हटलं, सगळ्यांसमोर.

"काय रे," म्हणाली.

त्या ऑफिसात आत्या म्हटल्यावर तिने आज पहिल्यांदा ओ दिली. तुम्हाला नाही कळायचं ते.

मी म्हटलं, लढू या, कँटीनमधलं कोण सिद्ध करणार? ती म्हणाली, "लढले तर मी राहावं की जावं यावरच वर्ष जाईल. आणि भर कोर्टात प्रश्न येईल की ती माहिती काय होती. चूक तुझी नंतर झाली, आधी माझी. माझी जीभ सुटली." ती दाव्यातून बाजूला होतेय. वकील मंडळालाही स्वतःहून कळवतेय. वकील म्हणून उभं राहायची सनद जाऊ शकते, तरीही.

आणि वस्तीचं काय होईल, ऐका. तुम्हाला माहीत आहेच, पण माझ्या तोंडून ऐका. गटातल्या प्रत्येक घराला आता नव्या वकिलाच्या नावाने नवं वकीलपत्र द्यावं लागणार. तेही मार्च संपायच्या आत. जे देणार नाहीत ते गटातून गळतील. ठरावीक घरांच्या खाली आकडा गेला की गट मोडला आणि दावाही संपला. 'स्वतंत्र विचार' जिंकला.

आजोबांना हे सांगायला मी जाणार आहे. तुम्ही येता का? सूप देतात तिथे.

आपला नसलेला,
शेवटच्या बाकावरचा

२८ फेब्रुवारी

कालचं पत्र वाचू नकोस. या पत्राच्या आधी तुझ्या दारात पोचलं असेल तर फाड. विस्तवावर धर. काय वाटेल ते कर, पण वाचू नकोस.

नव्या वकिलांना कागद द्यायचे म्हणून आत्याने मला सगळ्यांच्या प्रती काढायला बसवलं. नोटीस मशीनवर ठेवली, प्रत काढली. आत्या म्हणाली, "पाठपोट आहे ती. दुसरी बाजू कोण काढणार, पोस्टमन?"

मला माहीतच नव्हतं तिला दुसरं पान आहे.

मशीनपाशी उभ्या उभ्या वाचलं. 'आमच्या कनिष्ठ सहकाऱ्यांनी सदर माहितीचा तपशील आम्हांस सांगण्यास नकार दिला आहे. ती माहिती ज्याची आहे त्याच्या संमतीशिवाय ती पुढे सांगणे योग्य नाही, अशी त्यांची भूमिका असून त्या त्यावर ठाम आहेत. सबब त्यांना या प्रकरणातून दूर करण्यात आले आहे. सदर माहिती आमच्यापैकी अन्य कोणासही ज्ञात नाही.'

तीनदा वाचलं. मशीनचा उजेड डोळ्यांवर येत होता, म्हणून डोळ्यांत पाणी आलं असं आत्याला सांगितलं. तिने मान्य केलं नाही.

"पहिल्या पानावर थांबलास ना?" म्हणाली. "तिला बोलावंच लागणार होतं. आपल्याला काही कळलंय हे लपवून ती काम करत राहिली असती तर ते वाईट. काय कळलंय हे सांगून मोकळी झाली असती तर त्याहून वाईट. मधली जेवढी चिंचोळी जागा असते ना, तिथे उभी राहिली पोरगी. साहेबांसमोर, कामाला लागून वर्ष नाही झालं तेवढ्यात." मग मशीनवरची नोटीस उचलत, "मला त्या वयात जमलं नसतं."

आणि मी तुझी तुलना भिंतीशी केली. भिंतीला तुझ्यापेक्षा जास्त लाज असते असंही म्हणालो. मला सूपही सुचलं!

माफ कर. यापुढे दुसरं वाक्य येत नाही मला.

काडेपेटी

३ एप्रिल

प्रिय,

या वेळी खोडत नाही.

मार्चभर दारं वाजवत होतो. नव्या वकिलांनी वकीलपत्रांचा गठ्ठा दिला आणि म्हणाले, लोक बाईंना ओळखतात, मला नाही, तूच जा. आत्या म्हणाली, "आणि मी का गेले हे विचारतील. खरं ते सांगायचं. तपशील नाही, पण कुणामुळे ते सांगायचं."

आधी आजोबांकडे गेलो. नळीसकट म्हणाले, "आमच्या बाईंना मैदानाबाहेर कुणी काढलं?"

"मी."

"मुद्दाम?"

"नाही. तोंड आवरलं नाही म्हणून."

ते बराच वेळ नुसते वाजत राहिले. मग म्हणाले, "एकदा सामन्यात एका पोराने हाताने गोल केला. कुणीच बघितलं नव्हतं, मीही नाही. त्याने स्वतः येऊन सांगितलं."

"मग?"

"मग काय, गोल रद्द."

"आणि पोरगा?"

"खेळला की पुढे. त्याला काय बाहेर काढायचं? पण पळवला मी त्याला, चांगला पळवला." आणि सहीसाठी हात पुढे केला. "आण तो कागद. आणि पळ आता."

दुसऱ्या दिवसापासून खुर्ची आणि ऑक्सिजनची टाकी घेऊन ते गल्लीच्या तोंडाशी येऊन बसायला लागले. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचे, "सही करा आधी, शिव्या नंतर." लाँड्रीवाल्या काकूंनी शिव्या आधी दिल्या, सही नंतर केली, आणि जाताना माझा शर्ट उतरवून घेतला, म्हणे असा कळकट शर्ट घालून कोर्टाचं काम करतात का. एका घराने दार उघडलं ते फक्त तोंडावर आपटायला. तिथे मी पुन्हा गेलो, मग पुन्हा गेलो. शेवटी दारातूनच म्हणाले, "तू कंटाळत का नाहीस?" मी म्हटलं, "आत्तापर्यंत कायम कंटाळायचो." तिथेही सही झाली. काही घरं सुटलीच. गावच सोडून गेलेली, थकलेली, कंपनीकडून गुपचूप काही घेतलेली. पण गट उभा राहिला. जेमतेम, पण राहिला.

एका दुपारी त्या चौथ्या मालकाच्या फाटकापर्यंत जाऊन आलो. म्हटलं, गुपित त्याचं आहे ना, मग त्यानेच सांगावं की कोर्टात! बेलवर बोट ठेवलं होतं. मग वाटलं, मी काय विचारणार? जे विचारेन ते आत्याचंच वाक्य असेल, फक्त शेवटी प्रश्नचिन्ह लावलेलं. तो कधी आपणहून बोलला तर बोलेल. बोट काढलं आणि परत आलो. उचललेलं पाऊल मागे घेतलंय असं माझ्याकडून पहिल्यांदाच झालं, आणि मला ते मुळीच आवडलेलं नाही. अजून रात्री... जाऊ दे.

म्हणजे तो 'स्वतंत्र विचार' कागदावर अजून तसाच आहे. नवे वकील चांगले आहेत, भुकटीवर लढतायत, फुप्फुसांवर लढतायत, आणि जिथे घाव घालायचा ती जागा त्यांना माहीत नाही. आत्याला माहीत आहे, मला आहे, तुला आहे. तिघंही तीन ठिकाणी तोंड मिटून बसलोय. हे बरोबर आहे असं तुम्ही दोघी म्हणता, म्हणून असेल. मला आजोबांची छाती ऐकू येते तेव्हा ते बरोबर वाटत नाही.

आत्याची सनद मंडळाने सहा महिन्यांसाठी थांबवलीय. घरीच असते. दिवसभर आत्या म्हटलं की ओ देते. परवा मी चुकून "मॅडम, चहा?" म्हटलं, तर पाठ करून उभी राहिली. मग म्हणाली, "कोण हवंय आपल्याला?" तेव्हा हसलो दोघं.

नव्या वकिलांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की खटला संपेपर्यंत समोरच्या ऑफिसातल्या कुणाशीही पत्र नाही, फोन नाही, जिन्यातलं बोलणं नाही. तू त्या प्रकरणात नसलीस तरी त्या ऑफिसात आहेसच. तू हे त्यांच्या आधीच ओळखलं होतंस, ते मला काल कळलं.

काल टपालाने एक पाकीट आलं. माझ्या पत्त्याचं अक्षर तुझं. आत चिठ्ठी वगैरे काही नाही. माझीच पत्रं, न फोडलेली, डिंक होता तसा. वीसचं, ज्यात मी ते वाक्य पुन्हा लिहून ठेवण्याचं शहाणपण केलं होतं. सत्तावीसचं, शिव्यांचं. आणि अठ्ठावीसचं. म्हणजे शिव्या पोचल्या नाहीत. आणि माफीही पोचली नाही. तू सूप टाकून उठलीस त्या क्षणापासून माझं काहीच उघडलं नाहीस.

पाकीट उलटं करून झटकलं. आत हात घालून बघितलं. आणखी काही नव्हतं.

दोन फेब्रुवारीचं परत आलेलं नाही.

हिरव्या स्वेटरचं, खोडलेल्या शब्दाचं. ते तेवढं तुझ्याकडे राहिलं. त्यावरून मी काय समजायचं ते समजलोय. चुकीचं असेल तर निकालानंतर सांग, त्याआधी सांगायची काही घाई नाही.

हे पत्र टाकणार नाही. लिहून झालं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून काढलं, दोन्ही बाजूंनी. आता परत आलेल्या त्या तीन पत्रांबरोबर ठेवतो. खटला वर्षभर चालेल, कदाचित तीन वर्षं. तो संपला की चारही तुझ्या हातात देईन. सत्तावीसचंही देईन. तू वाचत असशील तेव्हा समोर बसेन.

उठणार नाही.

काडेपेटी